तरणी सासू

तो मोबाइल आधी उलटा ठेव. भुताची गोष्ट पाहिजे ना? मग अंधारात ऐका, नाहीतर चालते व्हा झोपायला. आणि हे बघा, ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. तुम्ही म्हणाल थापा मारत असेल. अरे, थापा मारायलाही डोकं लागतं, ते त्याला देवाने दिलेलंच नाही.

साडू एका बाळंतपणाच्या दवाखान्यात गाडी चालवतो. गेल्या वर्षीच्या जानेवारीतला दुसरा रविवार, रात्रीचे दोन वाजत आलेले. काम साधंच. डॉक्टरबाईंचा निरोप आला की लगेच नदीपलीकडे जायचं आणि भूलवाल्याला घेऊन यायचं. भूलवाला म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूल देणारा डॉक्टर. लहान गावात तो एकच असतो, आणि हवा तेव्हा नेमका घरी झोपलेला असतो. साडूने गाडीची काच पुसली आणि फाटकाशी वाट बघत बसला. पण निरोप काही येईना.

येणार कसा? आत व्हरांड्यात शहाण्यांची सभा भरली होती ना!

पहिलटकरीण टेबलावर. बाळ पायाळू, डोकं वर आणि पाऊल खाली. बाई म्हणाल्या, "धड येईल बाहेर, पण डोकं अडकेल. पोट उघडून काढू या." तर सासरा काय म्हणतो? "आमच्या घरात आजवर कुणाचं पोट फाडलेलं नाही. हा माझा मुलगाही पायाळूच. झाला की नाही सुखरूप?" आणि मुलगा शेजारी उभा. सुखरूप म्हणे! जन्मताना ओढाताण झाली, खांद्याची शीर गेली, तेव्हापासून उजवा हात लोंबतोय. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतो. बाप म्हणतो सुखरूप, आणि हा नंदीबैल मान डोलावतो.

त्या सासऱ्याला मी चांगला ओळखतो. जिथे जाईल तिथे अक्कल पाजळणार. स्वतःच्या बोटात काटा गेला तर घर डोक्यावर घेणार. आणि डॉक्टरबाई तरी काय दिवे लावत होत्या? ती पोरगी आतून ओरडतेय, "कापा हो मला, पण त्याला वाचवा!" आणि या बाहेर येऊन विचारतात, "मग घरच्यांचं काय ठरलं?" अहो, पोट कुणाचं? सुनेने सांगितलं तर ते ओरडणं, आणि सासू-सासऱ्यांनी सांगितलं तर तो निर्णय. थू त्या शिक्षणावर!

इकडे साडूच्या काचेवर टकटक झाली. बघतो तर एक बाई. तरणी, विशीतली असेल नसेल. पायात चप्पल नाही.

"चला, भूलवाल्याला आणायला. आत सांगा, सासूने हो म्हटलंय."

"कुठे आहेत सासूबाई?"

"मीच."

साडूला हसू आवरेना. म्हातारा चळलेला दिसतोय, सुनेपेक्षा लहान बायको करून आणलीय! आमच्या साडूची अक्कल एवढीच धावते. पण त्या रात्री तीच कामाला आली. तो आत गेला. बापलेक मागच्या अंगणात गेले होते. म्हाताऱ्याला विडी ओढायची होती, आणि सोबत नको का? साडूने नर्सला सांगितलं, "सासूबाईंनी हो म्हटलंय, मी निघालो." नर्सने बाईंना सांगितलं. झालं! सासूचा शब्द! जी माणसं इतका वेळ हातावर हात ठेवून बसली होती, ती धावायला लागली. नर्स मागून ओरडली, "लवकर या हो, पाऊल दारात आलंय!"

गाडी निघाली. ती मागे बसलेली. पूल आला. धुकं होतं.

साडूला गप्प बसवत नाही. म्हणाला, "एवढ्या थंडीत अनवाणी आलात?"

"टेबलावरून उठून आले."

"कुठल्या टेबलावरून?"

...

त्याने आरशात बघितलं. ती खाली मान घालून बसली होती. मांडीखालची सीट काळी दिसत होती. ओली. त्याने आरसा फिरवून टाकला. पूल संपता संपेना.

भूलवाला त्याच्या घराच्या फाटकात उभा. पेटी हातात. कुणी फोन केला होता? कुणी नाही. म्हणे दार वाजलं. त्याने मागचं दार उघडलं. आत पाहिलं. हळूच लावलं. पुढे येऊन बसला.

"मागे बाई आडव्या झाल्यात," म्हणाला.

दवाखाना आला. साडूने मागे वळून बघितलं.

कुणी नाही.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. रडली, आई वाचली, सगळं ठीक. आणि मग आले हे सरदार, विडी विझवून. "माझ्या परवानगीशिवाय हात लावलाच कसा? कुणी सांगितलं?"

साडू म्हणाला, "तुमच्या बायकोने."

"माझी बायको?"

"ती तरणी. तुमची दुसरी."

म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "मी दुसरी केलेली नाही."

...

"काय म्हणाली ती?" म्हाताऱ्यानेच विचारलं.

"पुलावर शेवटी म्हणाली..." साडूने म्हाताऱ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचारू नका. माझ्या वेळी ह्यांनाच विचारलं होतं. हे म्हणाले, ओढा."

आयुष्यभर या माणसाने मुलाला सांगितलं होतं, तुझी आई तापाने गेली. तू वर्षाचा होतास तेव्हा. मुलाने पहिल्यांदाच मान वर करून बापाकडे बघितलं. डाव्या हाताने उजवा हात धरून बघत राहिला. बाप भिंतीशी सरकला. त्यानंतर त्या घरात त्याला कुणी काही विचारलं नाही. जेवायला वाढतात, बस्स.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या काही भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "नवलच आहे. पाऊल दारात आलेलं मी स्वतः हाताने बघितलं होतं. पोट उघडलं तर बाळ पाय वर ओढून मांडी घालून बसलेलं. मी कमरेला धरून काढलं. पायांना आम्ही कुणी हात लावलेला नाही."

नर्सने बाळाचं दुपटं बाजूला केलं.

दोन्ही घोट्यांवर बोटांचे वळ होते. बाईच्या बोटांचे. घट्ट धरल्याचे.

पोरगी आता चालते. वळ अजून तसेच आहेत.