बाईचा उजवा अंगठा

“वैनी, या कागदावर अंगठा द्या, म्हंजे घराचं तरी पदरात पडंल,” रंगनाथ म्हणाला, आणि कर्जतच्या कचेरीतल्या बाकावर सकाळपासून उठबस करणारी कडूबाई पुन्हा उठून उभी राहिली. ‘तरी’... त्या एका शब्दात दिराचा महिन्याभराचा राग होता.

दुष्काळात मिरजगावच्या शिवारात सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं. एके दिवशी सुरुंगाचा धोंडा रंगनाथच्या घराचं छप्पर फोडून आत पडला, भिंत ढासळली आणि तिच्याखाली त्याच्या विधवा भावजयीचा, कडूबाईचा, उजवा हात चिरडला. तो मनगटापासून कापावा लागला. सरकारकडं दोन दावे गेले. घराचा मान्य झाला, हाताचा अडला. सुरुंगाच्या इशाऱ्याची शिट्टी ऐकून सगळे ओढ्यापलीकडं गेले असताना बाई परत घरात का शिरली?

“मालकांच्या आठवणीचे चार मणी राहिले हुते,” असं कडूबाईनं जबाबात सांगितलं होतं. चार मण्यांपायी हात घालवला, म्हणून रंगनाथ तिच्याशी धड बोलत नव्हता.

खरं कारण मात्र तिच्या अंतःकरणात रात्रंदिवस जळत होतं... पाळण्यातली रंगनाथची तान्ही पोर घरातच राहिली होती. पोरीच्या आईला, छबूबाईला, वाटलं, जावेनं घेतली. जावेला वाटलं, आईनं. कडूबाई धावली, मागच्या दाराशी पोचलेल्या छबूबाईच्या हातात तिनं पोर दिली आणि त्याच क्षणी भिंत कोसळली. छबूबाईचा पहिला मुलगा हौदात बुडून गेला होता, तेव्हा रंगनाथनं बजावलं होतं, पुन्हा असं घडलं तर माहेरची वाट धर. म्हणून इस्पितळात शुद्धीवर येताच कडूबाईनं जावेला शपथ घातली होती, “माझा हात गेलाच हाय. तुझा संसार कशाला घालवू?”

आता हाताचा दावा सोडल्याचं लिहून दिलं की घराची भरपाई लगेच मिळणार होती. कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला आणि मान वर न करताच तो म्हणाला, “बाईचा उजवा अंगठा लागतो.”

कडूबाईनं हात पदराआड ओढला... आणि मुलीला कडेवर घेऊन दाराशी उभी असलेली छबूबाई पुढं आली.

“सायेब, बाई खोटं बोलल्या. मण्यांसाठी न्हाई, या पोरीसाठी गेल्त्या. पोर मी इसरले हुते.”

“छबू, गप,” कडूबाई कळवळली.

“न्हाई बाई. लई दिस गप बसले.”

रंगनाथचा चेहरा पांढराफटक पडला. तो बायकोकडं वळताच कडूबाई मध्ये आली. “भावजी, तिला एक शबूद बोलायचा न्हाई. चूक दोघींची हाय.”

“मला का न्हाई सांगितलं, वैनी?”

“तुमी ऐकून घेतलं असतं?”

तोंडावर उपरणं धरून तो खाली बसला.

कारकुनाशेजारच्या मेजावरच्या साहेबांनी लेखणी ठेवली. “लेकरू वाचवायला गेल्या असतील, तर हाताचा दावा पुन्हा उभा राहतो. पण दोन्ही कागद नगरला जातील. घराचं लांबेल.”

“लांबू द्या,” रंगनाथ म्हणाला. “छपराबिगर ऱ्हाऊ आमी. आधी वैनीचं लिवा.”

आणि हात कापतानाही न रडलेली कडूबाई तिथंच हुंदके देऊ लागली... डोळे पुसायला तिनं सवयीनं उजवा हात उचलला, तो अर्ध्यावरच थांबला. छबूबाईनं मुलगी नवऱ्याच्या मांडीवर दिली आणि आपल्या पदरानं जावेचे डोळे पुसले.