मागच्या आळीवर पाणी सोड

वीज गेली तसे सगळे गच्चीवरच टेकले. भाचीच्या मांडीवर बाळाचा नुकता कुठे डोळा लागला होता, म्हणून मामांनी आवाज उतरवला.

"ऐकीव नाही हं ही गोष्ट. चावीवाला माझा रोजच्या चहाचा सोबती. खोटं रचण्याइतका हुशार नव्हता बिचारा."

चावीवाला म्हणजे गावात पाणी सोडणारा. हातात छातीएवढी लोखंडी चावी. रस्त्यातल्या खड्ड्यांमधले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि एकेका आळीवर पाणी सोडायचं, हे त्याचं काम. पाणीपट्टी दुप्पट झाली, मागच्या आळीला ती भरवेना, आणि पाणी समितीच्या अध्यक्षांनी त्या आळीचा व्हॉल्व्हच बंद करायला लावला. ज्यांना पट्टी परवडत नव्हती, ते तीन महिने टँकरचं चौपट महाग पाणी विकत घेत होते. चावीवाल्याची सख्खी बहीण त्याच आळीत राहायची. रस्त्यात भेटली की टोमणा ठरलेला, "भाऊ चावीवाला आणि बहीण टँकरच्या रांगेत! चांगलं नाव काढलंस हो माहेरचं."

मार्च अखेरचा शनिवार होता. रात्रीचे बारा. समितीची मीटिंग नुकतीच उठली होती. चावीवाल्याने टाकीवरून फोन लावला.

"अध्यक्ष, मागच्या आळीचं काय ठरलं?"

"ठरायचंय काय? दमडी सुटत नाही त्यांच्याकडून. जाऊ दे. मागच्या आळीवर पाणी सोड."

फोन बंद.

माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं. त्याने चावी लावली आणि जोर करून फिरवली. पाइपात गुरगुर झाली. पाणी निघालं.

बहिणीला उठवायचं म्हणून तो आळीत शिरला. आळी झोपलेली, पण घराघरातून पाण्याचा आवाज. कोरडा नळ बंद कोण करतो? आज ना उद्या येईल, म्हणून सगळ्यांनी नळ उघडेच ठेवलेले. पाणी मोरीत पडत होतं आणि मोरीतून गटारात. चावीवाला एकटाच हसला.

वळणावर बारक्या उभा होता.

बारक्या गटाराच्या चेंबरमध्ये उतरून तुंबलेलं काढायचा. अंगाने काडी, म्हणून नाव ते आणि कामही ते. आळीतलं शेवटचं घर त्याचं. बायको, अंगावर पिणारं मूल.

"चावीवाले दादा, पाणी बंद करा."

"डोकं फिरलं का तुझं? तीन महिन्यांनी आलंय."

"आमचा नळ उघडा राहिलाय. बिल चढेल."

"मग घर समोर तर आहे. जा, कर बंद."

बारक्या हलला नाही. अंगावरून पाणी निथळत होतं.

"हात पोचत नाही, दादा."

"म्हणजे?"

बारक्याने हात घराकडे लांबवला.

"बारक्या... कुठे होतास तू?"

"खालीच आहे."

चावीवाल्याने टॉर्च मारली. बारक्या निथळत होता. त्याच्या पायाखालचा रस्ता कोरडा होता. टॉर्च हलली... आणि रस्त्यावर कोणीच नव्हतं.

तो पळत सुटला. व्हॉल्व्ह बंद केला. परत आला.

आळीच्या टोकाला चेंबरचं झाकण बाजूला पडलेलं. खांबाला दोर बांधलेला. दोर आत गेलेला. पाणी काठोकाठ.

त्याने दोर ओढला.

जड होता...

भाचीने बाळाचं पांघरूण उगाचच नीट केलं.

"अध्यक्षांनीच उतरवलं होतं त्याला," मामा म्हणाले. "आळीत पाणी नाही, मग घाण वाहणार कशी? गटार दगडासारखं तुंबलं होतं. माणूस खाली उतरवलेला कोणाला दिसू नये म्हणून रात्रीचं काम. चावीवाल्याला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी अध्यक्ष चारचौघांत म्हणाले, 'मी म्हटलं, त्या आळीवर पाणी सोड. म्हणजे त्यांचा नाद सोड! एवढी साधी भाषा कळत नाही?' सगळ्यांना कळली. चावीवाल्याची नोकरी गेली."

"आणि अध्यक्ष?" भाचीने विचारलं. "त्यांना नाही दिसला बारक्या?"

"त्यांना कशाला दिसेल? ते फोनवर काम करायचे. पुढच्या खेपेला पुन्हा निवडून आले. त्या रात्रीच्या पाण्याचं बिलसुद्धा आळीला लावलं, घरटी सारखं. बारक्याच्या बायकोलाही."

"तिलाही?"

"हो. पण तिच्याकडे थेंब आला नव्हता. पहाटे बारक्याला घरी आणला, तेव्हा आळीतल्या सगळ्या मोऱ्या तुंबून भरलेल्या होत्या. तिची एकटीची कोरडी. ती म्हणे, 'मूल रडेल म्हणून मी कूससुद्धा बदलली नाही. दाराला आतून कडी होती.' नळ मात्र गच्च आवळलेला. चावीवाल्याने स्वतः वाकून पाहिला."

मामांचा आवाज आणखी उतरला.

"नळावर काळ्या गाळाची पाच बोटं होती. ओली."