दोन्ही बाजू सांगणारा

घोडेगावच्या स्टँडवरून डोंगराकडची एसटी सुटली आणि खिडकीतून आलेली सर शेजारच्या पावण्याच्या कागदांवर उतरली. हर्षालीनं मांडीवरचा लसीचा डबा पुढं केला.

"ह्याच्यावर ठेवा. पर टेकू नका… आत बाळांच्या लसी हायेत."

तो गोरख. डोंगराखालच्या आळे गावचा, वकिली शिकलेला. देशाच्या आरोग्यासाठी कायद्याचे दोन मसुदे दिल्लीत समोरासमोर होते. ते ग्रामसभांत समजावून सांगायचं त्याचं काम. एकात घरोघरी विम्याचं कार्ड, मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार. दुसऱ्यात कार्ड नाही, पण वाडीजवळ सरकारी डॉक्टर आणि गाडी.

हर्षाली वरच्या गावात नर्स होती. "अन् तुमाला कंचा पटतो?"

"ते सांगायची मनाई हाय. दोन्ही बाजू सारख्याच सांगायच्या."

"मंग घरी भाजी कंची करायची, ते कोण ठरवतं?"

गोरखचे कान लाल झाले…

मग पावसाळाभर वाड्यावाड्यांतून सभा झाल्या. चढावर तो मागं पडायचा. ती करवंदीच्या जाळीशी थांबायची, पदरानं तोंड पुसायची, हसू लपवायची. एका सभेत म्हाताऱ्या ठकूबाईनं विचारलं, आजारी पडले तर कार्ड मला झोळीत घालून खाली दवाखान्यात नेईल का? नाही नेणार, तो म्हणाला. पण दुसऱ्यातला डॉक्टर डोंगरावर टिकेलच, असंही कागदात नाही. त्याचं हे खरं बोलणंच हर्षालीच्या जिवात रुतलं.

आणि तिला वारूळवाडीची बदली मिळत होती. डोंगराखाली, त्याच्या आळ्याच्या जवळ. ओल्या जांभळीखाली तिनं त्याला विचारलं, जाऊ का राहू?

त्यानं सवयीनं तोलायला घेतलं. खाली सोय, रस्ता, दिवसरात्र वीज. वर तिची माणसं, त्यांना तिची गरज…

"अन् तुमची बाजू?"

तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "माझ्या बोलण्यानं तुमचं मन वाकू नये — म्हणून न्हाई सांगत."

ती एवढंच म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी भरल्या ग्रामसभेत तिनं गावाला शब्द दिला, मी इथंच राहीन. बायांनी तिच्या केसांत तेरड्याची फुलं खोवली. गोरखनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

त्याच संध्याकाळी तो निघाला तेव्हा ती फाट्यापर्यंत आली. वईच्या काटेरी कुंपणाआड ठकूबाई नाचणी खुरपत गुणगुणत होती —

दोन वाटा गं फुटल्या, एक डोंगरा, एक पेठंला,
मुका साजण उभा, हात लावून वईला.

एसटी हलली. तेव्हा खिडकीतून त्याचा आवाज आला, ओला, घाईचा.

"हर्षाली… तुमी खाली यावं, असं मला त्या लसीच्या डब्यापासून वाटत व्हतं."

ती दोन पावलं गाडीबरोबर चालली. "काल का न्हाई बोललात, राव?"

त्याचं उत्तर वळणाआड गेलं. गाडीमागं धुकं मिटलं.

ठकूबाईनं खुरपं थांबवलं. "काय म्हणला गं पावणा?"

हर्षालीनं केसांतलं कोमेजलेलं फूल काढलं, मुठीत धरलं.

"एकच बाजू सांगितली, आजी."