येते हं

म्हाताऱ्यांची देखभाल करायला घरोघर बायका पाठवणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. दुपारी लोकांकडे जायचं आणि विचारायचं, तासांवर येणारी बाई बरी की घरातच राहणारी? समाधान आहे ना? सगळे तिला चौकशीवाली म्हणत. तिची स्वतःची आई, डोळ्यांनी अधू, तेवढा वेळ घरी एकटीच असे. लेकीच्या एका चपलेचा पट्टा सैल होता. जिन्यात ती फटफट वाजली की आई ओळखायची, आली आपली पोर.

त्या दुपारी ती वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांकडे गेली. दाराशी झिजलेल्या बायकी चपला होत्या. त्यांच्या शेजारी तिनं आपल्या काढल्या. आत खिडक्या बंद, मलमाचा वास, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी हलक्या हातानं भांडी लावत होतं.

आजोबा पडल्या पडल्या सावकाश बोलत होते. तासांवरच्या बायका त्यांना मुळीच पटल्या नव्हत्या. येते म्हणून जायच्या, पुन्हा तोंड दाखवायच्या नाहीत. वाट बघून बघून डोळे शिणले, म्हणाले. आताची मात्र शब्दाची पक्की.

"मग ती घरी कधी जाते?"

"जाईल कशी? येते म्हणाली होती ना."

तिला हसू आलं. मोठा गमत्या म्हातारा. ती उठली. "बरं आजोबा, येते हं."

आतली भांडी थांबली.

"ये," आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

तेवढ्यात गार वाऱ्यासारखं काहीतरी तिला घासून दाराबाहेर गेलं. ती मागोमाग गेली. दाराशी तिच्या चपला नव्हत्या, झिजलेल्या तेवढ्या होत्या. खाली जिन्यात फटफट वाजत होतं... दूर जात होतं. तिनं अनवाणीच उंबरा ओलांडला. पुन्हा तोच मलमाचा वास. पुढ्यात आजोबा.

"आलीस?"

ती परत वळली, दार उघडलं, बाहेर पडली. आणि आत आली. किती वेळ तिचं हेच चाललं होतं. आजोबा मायेनं म्हणाले, "दमशील गं. तीही अशीच दमली होती."

शेवटी तिनं आईला फोन लावला. "आई, कडी घाल. कुणी आलं तरी दार उघडू नकोस..."

आई हसली. "म्हातारीची थट्टा करतेस होय? मघाशीच तर आलीस. चप्पल ओळखत नाही का मी तुझी? आत भांडी लावतेस आणि तिथूनच फोन?"

फोनमध्ये खरंच भांडी वाजत होती, हलक्या हातानं.

"आई, ऐक..."

पण आई स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत होती, "आता कुठं जायचं नाही ना गं तुला?"

"नाही गं आई." आवाज तिचाच होता.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. इतकं समाधान तिनं आईच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं.