अंगठीचा कौल

सकाळी चहा ओतून घेत असताना वैजयंतीबाईंच्या बोटातली अंगठी बोलली, "आजी, रात्री झोप कमी झाली."

"झाली असेल बाई," त्या म्हणाल्या. या घरात सकाळी त्यांच्याशी बोलणारी तेवढीच एक होती. मुलगा निनाद खोलीचं दार लावून कामाला बसे.

अकोल्याचं घर विकून त्या या थंड देशात मुलाकडे कायमच्या आल्या होत्या. पण इथे आरोग्यविम्याशिवाय राहण्याचा परवाना मिळत नव्हता. सरकारी विमा नोकरदाराला आणि त्याच्या बायकोमुलांना. आईबापांना त्यात जागा नाही. स्वस्तातला खासगी विमा फक्त अपघातापुरता, तो परवान्याला चालत नाही. उरला पूर्ण विमा. त्यासाठी आधी तीन महिने ही भाकीत-अंगठी घालायची. नाडी, रक्तातली साखर, आवाजातला थकवा यांवरून माणसाला पुढच्या दहा वर्षांत काय काय होईल, ते ती कंपनीला कळवते. पूर्वी पत्रिका बघून सून पसंत करायचे, आता अंगठी बघून म्हातारी.

कौल आपल्या बाजूनं लागावा म्हणून वैजयंतीबाईंनी दर मंगळवारी निरंकार उपास धरला. नवस गावभर सांगायचा नसतो, म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. "आज काही खाल्लं नाहीत?" असं अंगठीनं विचारलं, की म्हणायच्या, "भूक नाही गं."

तीन महिने संपले आणि निकाल आला. अर्ज नामंजूर. कारण, जेवण टाळण्याचा आजार आणि तो लपवल्याचा ठपका.

निनाद खोलीतून बाहेर आला. "आई, तू जेवत नव्हतीस?"

"मंगळवार धरले होते. विमा मिळावा म्हणूनच रे. सांग की त्यांना तसं."

"आता काय सांगू? उपासतापास करता का, असं अर्जात विचारलं होतं. अकोल्यात तू उपास करायचीस हे ठाऊक असून मीच 'नाही' लिहिलं."

"का रे?"

"इथले लोक मागासलेले समजतात आपल्याला."

खरं लिहिलं असतं, तर अंगठीनं उपासाचे दिवस आजार म्हणून मोजलेच नसते. शिकल्यासवरल्या मुलानं लाजेपायी आईच्या पायावर धोंडा पाडला होता. दाद मागायची सोय नव्हती. महिनाअखेर देश सोडायचा, आणि अकोल्यात आता दार उघडायला घरच नव्हतं.

"मला एकदा तरी सांगायचंस ना," निनाद कुरकुरला.

वैजयंतीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा पोटच्या पोराचा संताप आला. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"मंगळवारी तुझं एकट्याचंच पान वाढायचे मी. तू मोबाईलमध्ये बघत जेवून उठायचास. मी जेवले नाही, हे त्या अंगठीला पहिल्याच मंगळवारी कळलं. समोर बसून तुला कसं कळलं नाही रे?"