परडीचे डोळे

आमच्या चिनीमातीच्या परड्या तारकर्लीच्या पर्यटकघरांत फळं ठेवायला जातात. चाकावर परडी काढायची आमच्या यजमानांनी, तिला जाळी पाडायची मी. माती अर्धी सुकली की छत्रीची काडी घासून केलेल्या टोच्याने एकेक भोक पाडत जाते. भोकाला आम्ही डोळा म्हणतो.

मे महिन्यात यजमानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, उजेड आला नाही. दवाखान्याचा कागद मी अक्षर अक्षर लावून वाचला. नजर परत येणार नव्हती. त्यांना म्हटलं, थोडे दिवस लागतील.

त्या सकाळी पडवीत मी, यजमानांनी हाताच्या अंदाजाने चाकावर काढलेली सातवी परडी मांडीवर घेऊन बसले होते. सहा फळीवर सुकत होत्या. ते बाकड्यावर.

"शेवंते, वयल्या ओळीत एक डोळो ऱ्हवलो."

मी मोजलं. एक राहिला होता.

"तुमका कसा कळला?"

"माका दिसता मा! तुज्या नाकाक माती लागली आसा. म्हातारपणी पावडर कित्याक गो?"

नाक पुसता पुसता मला रडूच आलं. कागद खोटा ठरला होता. मी हात धुवायला उठले, तेही हसत उठले, आणि पायातल्या मांजरावर अडखळून पडले.

"मांजर दिसला नाय तुमका?"

"हयसून नाय दिसणा."

"मग खंयसून दिसता?"

त्यांनी फळीकडे बोट केलं. "थंयसून. माका मी पण दिसतंय. सगळ्या बाजूंनी."

तीन दिवस त्यांना झोप नाही. पापण्या मिटल्या तरी दिसतच राहायचं. परड्यांवर फडका टाकला, तर ते त्याचा धागा न् धागा सांगू लागले. जेवण सुटलं. भिंत चाचपत पडवीभर फिरायचे, आणि स्वतःला फिरताना बघायचे.

चौथ्या दिवशी मी एक परडी फोडायला उचलली. ते डोकं धरून ओरडले.

"फोडू नको! मिट. नुसते मिट गो."

भट्टी लागायची होती, परड्या कच्च्याच होत्या. ओली माती घेऊन मी एकेक डोळा भरला, वरून अंगठा फिरवला. सातवी परडी होईपर्यंत ऊन कललं. ते बाकड्यावर घोरत होते. मला बरं वाटलं.

चहा घेऊन गेले.

"उठा वो."

"उठलंय कधीचो. उघडणत नाय गो."

मी वाकले.

पापण्यांना फट नव्हती.

भुवईपासून गालापर्यंत सलग कातडी होती. तिच्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या.