उलटा रहाट

दोन हजार दोन सालच्या मे महिन्यातली दुपार. प्रेमलताबाई एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात ताकाची बाटली घेऊन गावच्या संग्रहालयाकडे निघाल्या. काम साधंच होतं. जागृती नावाची विरारची एक मुलगी जुन्या वसईवर छोटीशी फिल्म करत होती. तिला दार उघडून द्यायचं, रहाट दाखवायचा आणि घरी येऊन आडवं व्हायचं.

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेचा हॉल. याच शाळेत बाईंनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. गावातल्या हिंदू आणि ख्रिस्ती पोरांनी मिळून घरोघरची अडगळ गोळा केली, धुतली, पुसली आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली. कालपरवापर्यंत ज्यात आपण डाळ धुतली ते पातेलं काचेमागे बसलेलं पाहून बाईंना हसू यायचं. "मी इथे जास्त वेळ बसले तर मलाही चिठ्ठी लावाल," असं त्या तिथल्या ॲन्सेल्मला नेहमी म्हणायच्या. ॲन्सेल्म हॉलची देखभाल करायचा, आणि आत्ता तो जेवायला घरी गेला होता.

हॉलच्या मधोमध बाईंच्या वाडीतला रहाट उभा होता. विहिरीतून पाणी काढायचं ते मोठं लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली दोराची माळ आणि माळेला बांधलेली मातीची गाडगी. विहिरीच्या जागी पोरांनी सिमेंटचा हौद बांधून त्याला आतून निळा रंग दिला होता.

वाडीत पाणी खेचायची मोटार आली तेव्हाच रहाट थांबला होता. पण बाईंच्या नवऱ्याने, विठ्ठलरावांनी, तो मोडू दिला नाही. पुढे विहिरीचं पाणी मचूळ झालं, पानवेली गेल्या, तरी ते दुपारचे जाऊन रहाटाच्या खांबाला टेकून बसायचे. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिथूनच त्यांनी हाक मारली होती. "प्रेमे..." एकदाच. बाई ओटीवर चौथीच्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. तीनच राहिल्या होत्या. तेवढ्या उरकून जाऊ म्हणून त्यांनी ओ दिली नाही. दहा मिनिटांनी गेल्या तर विठ्ठलराव खांबाला टेकून बसलेले होते, डोळे मिटलेले, आणि संपलेले.

माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांनाच असतं. बाईंना मात्र एका गोष्टीने पोखरलं होतं. त्या दिवशी यांना काय सांगायचं होतं? पाणी हवं होतं? छातीत दुखत होतं? की दुसरंच काही? आपण ओ दिली असती तर कळलं असतं. हे त्यांनी कुणाला, अगदी मुलाला, अनुजलाही, कधी सांगितलं नव्हतं.

जागृती आली तेव्हा चर्चची बाराची घंटा होत होती. मुलगी चटपटीत होती, आईवडील साताऱ्याकडचे, हिचा जन्म मात्र विरारच्या फ्लॅटमधला. "काकू, काय सॉलिड आहे हे! चालतं का?" तिने कॅमेरा तिपाईवर लावत विचारलं.

"चालतं. हाताने फिरवावं लागेल. पूर्वी रेडा जुंपायचे."

"मग फिरवा ना तुम्ही. मला त्याचा आवाज हवाय. सगळे म्हणतात रहाटाचा आवाज लांबून ऐकू यायचा."

बाईंनी दांड्याला हात घातला. लाकूड आधी हललंच नाही. मग आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि चाक वळलं. कुंईऽऽ... आणि तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. गाडगी तोंड वर करून खाली जात होती आणि पालथी होऊन वर येत होती.

त्यांनी हात काढला. भिंतीवर रहाटाशेजारी उभ्या असलेल्या विठ्ठलरावांचा फोटो होता. वर्षापूर्वी सुटा करून आणलेला रहाट सातिवलीच्या सुताराने त्यावरूनच पुन्हा जोडला होता. बाईंनी आज पहिल्यांदा तो नीट पाहिला. फोटोत सदऱ्याचा खिसा यांच्या उजव्या छातीवर होता. म्हणजे स्टुडिओवाल्याने फोटोच उलटा छापला होता, सुताराने इमानेइतबारे तसाच रहाट उभा केला होता, आणि वर्षभरात गावातल्या एकाही शहाण्याला ते दिसलं नव्हतं. रहाट फिरलेला पाहिलेली माणसंच आता कितीशी उरली होती!

"काय झालं काकू?"

"उलटा जोडलाय गं हा. उलटा फिरवत नाहीत."

"का?"

बाईंना सासू आठवली. नव्या नवरीपणी त्यांनी गंमत म्हणून रिकामा रहाट उलटा ढकलला होता, तेव्हा सासूने धावत येऊन मनगट धरलं होतं. उलटा फिरवू नको गो, गेलेलं माघारी येतं. सासू बाकी साध्या साध्या गोष्टींवर हसणारी बाई, पण तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही. जुन्या लोकांचं काहीतरी," बाई म्हणाल्या.

"फिल्ममध्ये कुणाला कळणार नाही. अजून चार-पाच फेरे द्या ना, प्लीज."

बाईंनी फोटोकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं. त्यांनी दांडा धरला तो जाणूनबुजून. भीती वाटत होती, पण त्या भीतीहून चार वर्षांची टोचणी मोठी होती.

एक फेरा. दोन. तिसऱ्या फेऱ्याला बाहेरचे कावळे गप्प झाले. पंखा चालू असून हवा हलेना. मग ओल्या मातीचा वास आला आणि त्यात मिसळलेला पानवेलींचा तिखट, हिरवा वास. गावात पानवेल राहिली नव्हती त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. निळा हौद कोरडा ठाक होता, आणि तरी खालून, खूप खोलवरून, गाडगं पाण्यात बुडाल्यासारखा आवाज आला. डुबुक्... डुबुक्...

आणि पाठीमागून, ओटीपासून वाडीतला रहाट जेवढा लांब होता तेवढ्याच अंतरावरून...

"प्रेमे..."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे भरून आले होते, काही दिसलंही नसतं. चार वर्षं घशात अडकलेला शब्द बाहेर पडला.

"ओ..."

मग जरा थांबून, लहान मुलाला विचारावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "अहो... काय सांगायचं होतं त्या दिवशी?"

उत्तर आलं नाही. चाक कुरकुरत होतं. बाईंनी आणखी दोन फेरे दिले. काही नाही. वास विरला, पंख्याची हवा लागायला लागली. बाई हौदाच्या कठड्यावर बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. एवढंच होतं नशिबात, असं त्यांना वाटलं.

"काकू, मस्त आलंय! तुम्ही मधेच काहीतरी पुटपुटलात तेपण छान वाटतंय," जागृती म्हणाली. चाकाच्या आणि बाईंच्या आवाजाशिवाय तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिने टेप मागे नेली, कानाला हेडफोन लावला आणि ऐकू लागली. बाईंनी तिच्यासाठी ताक ओतलं.

जागृतीचा चेहरा बदलला. तिने दाराकडे पाहिलं, मग फोटोकडे. दार आतून लावलेलं होतं.

"काकू... इथं आपल्या दोघींशिवाय कोण होतं?"

बाईंनी हात पुढे केला. हेडफोन कानावर चढवताना त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. रहाट कुरकुरला. त्यांचा स्वतःचाच आवाज आला, म्हातारा, फाटलेला. काय सांगायचं होतं त्या दिवशी? आणि त्यामागोमाग, अगदी कानाशी, पान खाल्लेल्या तोंडाचा तो ओलसर आवाज, घरच्या बोलीत.

"काय नाय गो. अशीच हाक मारली. एकल्याला करमत नव्हतं..."

बाई रडल्या. हुंदके देऊन, पोरीसमोर, लाजबिज न बाळगता रडल्या. काही नव्हतं. त्यांना पाणी नको होतं, दुखतही नव्हतं. नुसती हाक मारली होती! छातीवरचा धोंडा उतरला आणि इतकं हलकं वाटलं की त्यांनी भिंतीला हात टेकला. टेप अजून फिरत होती. आवाज पुन्हा आला, समजूत काढल्यासारखा.

"...आता थांबलोय. पावसाआदी ये."

बाईंनी हेडफोन काढून जागृतीच्या हातात दिला. मुलीचे ओठ कोरडे पडले होते.

"काकू, ते शेवटी... पावसाआधी ये म्हणाले. म्हणजे काय?"

"आमच्या वाडीतली सगळी कामं पावसाआधीच उरकायची असतात बाळा," बाई मायेने म्हणाल्या. त्यांनी ताकाचा पेला तिच्यापुढे सरकवला, केस सारखे केले आणि विचारलं, "आज तारीख किती गं?"

"बारा."

प्रेमलताबाईंनी बोटांवर मोजलं.

"म्हणजे चारेक आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "होईल तेवढ्यात सगळं."